गिरगावातलं शंभरीपार कौलारू घर: पाडू नका, आणि रंगवायची घाईही करू नका

प्रश्न थोडक्यात असा. गिरगावातल्या एका वाडीत पणजोबांनी १९१२ च्या सुमारास बांधलेलं एकमजली घर आहे. सागवानी खांब-तुळया, मध्ये विटांचं बांधकाम, वर मंगलोरी कौलं. हिस्सेदार सात. वरच्या मजल्यावर ८१ वर्षांच्या आत्या एकट्या राहतात आणि घर सोडायचं नाव काढत नाहीत. कंत्राटदार म्हणतो, कौलं उतरवून पत्रा टाकू, भिंतींना सिमेंटचा गिलावा मारू, पंचवीस वर्षं बघायला नको. हे करावं का? नसेल तर सुरुवात कुठून करावी? जुन्या पद्धतीचे कारागीर आता मिळतात का? आणि काम चालू असताना आत्यांना कुठे ठेवावं?

कंत्राटदाराला चहा पाजा आणि निरोप द्या. माणूस वाईट असेल असं नाही. पण अशा घरासमोर उभं राहून जो ‘पंचवीस वर्षं बघायला नको’ म्हणतो, त्याला ते घर कळलेलं नाही. तुमच्या पणजोबांनी हे घर दरवर्षी थोडं थोडं दुरुस्त होत राहील अशाच बेताने बांधलं होतं. वैशाखात शाकारणी, म्हणजे कौलं चाळून फुटकी बदलायची. गणपतीआधी भिंतींना चुन्याचा हात. चार-पाच वर्षांनी लाकडाला तेल. ही कामं चालू होती तोवर घर उभं होतं. तुमच्या लांबलचक प्रश्नात शेवटची शाकारणी कधी झाली हे कुठेच नाही. माझा अंदाज, आजोबा गेल्यापासून झालेली नाही. तेव्हा तुम्हाला जे परत आणायचंय ते घराचं जुनं रूप नव्हे, हा बघत राहण्याचा रिवाज. रूप त्याच्या मागून येतं.

मी स्थापत्य अभियंता आहे. तीस वर्षं अशीच घरं करते आहे: गिरगाव, माहीम, माझगाव, थोडं वसईकडे. त्यातलं एक घर मी स्वतः बिघडवलं, त्याची गोष्ट पुढे येईल.

तुम्ही लिहिलंय, ‘२६ जुलैच्या पावसातही छपराला काही झालं नाही, म्हणजे सांगाडा भक्कम असणार.’ सांगाडा असेलही भक्कम, पण हा पुरावा बाद करा. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला हे सगळ्यांच्या लक्षात आहे. त्याच दिवशी कुलाब्याला जेमतेम ७३ मिलिमीटर नोंदला गेला, हे फार जणांना माहीत नसतं. गिरगाव त्या दिवशी सुटलं. तुमच्या घराची परीक्षा एका दिवसाच्या ढगफुटीत होत नाही. जून ते सप्टेंबर दोन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तो चार महिने एकाच जागी मुरतो, तिथे होते. जुनं लाकूड पावसाने भिजलं म्हणून मरत नाही, भिजून वाळलं नाही तर मरतं.

म्हणून या पावसाळ्यात काहीही तोडू नका. फक्त बघा. श्रावणातली सर आली की बॅटरी घेऊन पोटमाळ्यावर चढा आणि पाणी कुठून येतं त्यावर खडूने तारीख घाला. थेंब जिथे पडतो तिथे गळती नसते, हे ध्यानात ठेवा. पाणी वाशावरून, म्हणजे छपराच्या तिरक्या लाकडावरून, चार-पाच फूट घरंगळत येऊन मग पडतं. ऊन पडलं की पोटमाळ्यावरचा दिवा बंद करून पुन्हा चढा. अंधारात जिथे जिथे उजेडाची टिकली दिसेल तिथलं कौल सरकलंय किंवा फुटलंय. दोन पाखे, म्हणजे छपराचे उतार, जिथे मिळतात ती खालची पन्हळ, शेजारच्या भिंतीला टेकलेली कड आणि वळचणीखालची, म्हणजे छपराच्या बाहेर आलेल्या कडेखालची भिंत, या तीन जागा आधी. निम्मी दुखणी तिथेच सापडतात. भिंतीत भेग असेल तर तिच्यावर आडवी काचेची पातळ पट्टी दोन्ही बाजूंनी चिकटवून तारीख लिहून ठेवा. चार महिन्यांत काच तडकली तर भिंत अजून हलते आहे. नाही तडकली तर ती भेग जुनी आहे, तिला घाबरायचं कारण नाही. या उपायाला वीस रुपये लागतात आणि तो मोठमोठ्या अहवालांपेक्षा जास्त सांगतो.

अहवालावरून आठवलं. मुंबईत तीस वर्षांवरच्या इमारतीचं संरचनात्मक परीक्षण महापालिका अधिनियमाच्या कलम ३५३-ब खाली करावं लागतं आणि त्यात इमारतीला वर्ग मिळतो. सी-१ म्हणजे रिकामी करून पाडा, सी-२ अ म्हणजे काही भाग रिकामा करून मोठी दुरुस्ती, सी-२ ब म्हणजे राहत असतानाच दुरुस्ती, सी-३ म्हणजे किरकोळ. यात एक मेख आहे. बहुतेक परीक्षक काँक्रीट तपासणारे असतात. त्यांच्याकडची उसळी मोजणारी हातोडी आणि ध्वनिलहरींचं यंत्र काँक्रीटसाठी आहे. सागाच्या तुळईला आणि चुन्यातल्या विटेला ती उपकरणं काहीच विचारू शकत नाहीत, मग अहवालात ‘आयुर्मान संपलेले’ असा एक मोघम शेरा पडतो. तो शेरा एकदा कागदावर आला की कलम ३५४ ची धोकादायक इमारतीची नोटीस दूर नसते, आणि ज्या हिस्सेदाराला बिल्डरचा प्रस्ताव गोड वाटतो त्याच्या हाती आयतं कोलीत मिळतं. तेव्हा लाकडी सांगाड्याचं काम केलेला अभियंताच शोधा. तो आला की त्याच्या हाताकडे बघा. हातोडीने तुळई ठोकून कान देतो का, भिंतीत गेलेल्या टोकापाशी अणकुचीदार सळी खुपसून बघतो का, ओल मोजतो का. मोबाइलवर फोटो काढून दहा मिनिटांत निघाला तर पुढची भेट ठरवू नका.

परवानगीचं थोडक्यात. मुंबईत वारसा वास्तूंसाठी नियमावली १९९५ साली आली, देशातली तशी पहिलीच. आता तोच विषय विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली २०३४ मध्ये आहे. तुमचं घर किंवा सगळी वाडी यादीत आहे का, कुठल्या श्रेणीत, हे विभाग कार्यालयात आधी विचारा. यादीत असेल तर वारसा संवर्धन समितीचा रस्ता आहे आणि तो वाटतो तितका वाईट नाही. आहे त्या वस्तूने, आहे त्या जागी केलेली दुरुस्ती आणि ‘फेरफार’ यांत कायदा फरक करतो. पत्रा टाकणं फेरफारात जाईल, कौलाच्या जागी कौल बसवणं दुरुस्तीत. कुठलं काम कशात बसतं हे लेखी घ्या.

आता सात हिस्सेदार. मालमत्ता पत्रक काढा. त्यावर बहुधा अजून पणजोबांचं, फार तर आजोबांचं नाव असेल. वारसनोंद दुरुस्तीच्या आधी नाही झाली तरी चालेल, पण सातही जणांच्या सह्यांचा एक साधा कागद मात्र हवाच. दुरुस्तीला कुणी किती पैसे घातले त्यावरून कुणाचा हिस्सा वाढणार नाही की घटणार नाही, हे त्यात स्वच्छ लिहा. मी पाहिलेली बहुतेक भांडणं पैशांची नव्हती, ‘हा पैसे घालतोय म्हणजे घर घशात घालणार’ या संशयाची होती. बँकेत वेगळं खातं उघडा, प्रत्येक बिलाचा फोटो घरच्यांच्या ग्रुपवर टाका. पैसे देणं ज्याला जमत नाही त्याला काम द्या. माहीमच्या एका घरात बदलापूरहून येणारा चुलतभाऊ दर शनिवारी खिडक्यांचे गज घासायचा. सहा महिन्यांत बत्तीस खिडक्यांचे सगळे गज त्याने एकट्याने घासले, आणि घर विकू या म्हणणाऱ्यांत आधी तोच पुढे होता.

वेळापत्रक पावसाच्या हातात आहे. मुंबईत पाऊस साधारण ११ जूनला येतो असं हवामान खातं धरतं, तुम्ही १५ मे धरा. दसऱ्यानंतर जमीन आणि भिंती वाळू लागतात, कोजागिरीला परांची (कामासाठीचा बांबूंचा सांगाडा) बांधा. दिवाळी संपेस्तोवर छपराला हात लावू नका, कारण कारागीर गावी जातात आणि उघडं छप्पर तसंच राहतं. तुळशीचं लग्न झालं की कौलं उतरवा. छप्पर आणि वासे फेब्रुवारीपर्यंत, चुन्याचं काम जानेवारी ते मार्च, रंग सगळ्यात शेवटी. पैसे पुरले नाहीत तर रंग पुढच्या वर्षी. छप्पर पुढच्या वर्षी असं कधीही होता कामा नये.

कौलांवर जरा जास्त बोलते, कारण पत्र्याचा मोह मोठा असतो. मंगलोरी कौल म्हणजे १८६५ साली बासेल मिशनने मंगळूरला कारखाना काढल्यापासून या किनाऱ्यावर पसरलेली वस्तू. कौल उलटं करून बघा, पाठीवर कारखान्याचा छाप असतो. तो छाप हौसेसाठी वाचायचा नाही. प्रत्येक कारखान्याच्या साच्यात थोडा फरक असतो आणि दोन छापांची कौलं एकमेकांत घट्ट बसत नाहीत. म्हणून उतरवताना छापानुसार वेगळे ढीग करा. धड असलेली जुनी कौलं सगळी एका पाख्यावर, शक्यतो वाडीच्या बाजूच्या; नवी किंवा दुसऱ्या छापाची मागच्या पाख्यावर. एकाच पाख्यावर सरमिसळ केली की पहिल्याच पावसात पश्चात्ताप. रिपांमधलं, म्हणजे कौलं ज्यांवर बसतात त्या आडव्या पट्ट्यांमधलं, अंतरही कौल हातात धरून ठरवायचं, कागदावर नाही. शंभर चौरस फुटांना, म्हणजे एका ब्रासला, साधारण दीडशे कौलं लागतात. तुमच्या वर्णनावरून पाख्यांचं क्षेत्रफळ ११०० चौरस फूट धरलं तर सोळाशेच्या आसपास, वजनाने चार टन. हे वजन ऐकून पत्रेवाला म्हणेल, बघा, घरावरचा भार उतरेल. उतरेल की. पण वासे, आढं (छपराच्या माथ्याची आडवी तुळई) आणि खांब हे सगळं त्या भाराखाली दाबून बसलेलं आहे. भार काढला की समुद्राकडून येणारा वारा पत्र्याला खालून उचलायला बघतो, आणि तो उचल सोसणारा एकही सांधा तुमच्या घरात नाही. शिवाय मे महिन्यात आत्या पत्र्याखाली भाजून निघतील ते वेगळंच.

लाकडाचं दुखणं सहसा मध्ये नसतं, टोकाला असतं. तुळई भिंतीत जिथे शिरते तिथे तिला हवा मिळत नाही, वळचणीचं पाणी भिंतीतून तिथे पोचतं आणि वरून धडधाकट दिसणारी तुळई आत भुसा झालेली असते. पण म्हणून अख्खी तुळई बदलायची नाही. तुमच्या घराच्या काळातला साग बहुधा ब्रह्मदेशातला आहे, मौलमीनहून बोटीने येणारा. तसलं घट्ट, तेलकट लाकूड आज नव्या सागात मिळणार नाही. सडलेलं टोक कापून तिथे जुन्याच सागाचा तुकडा लांब तिरक्या सांध्याने जोडायचा, आरपार स्टेनलेस स्टीलचे बोल्ट घालायचे. साधं लोखंड नको, आपल्या खाऱ्या हवेत ते गंजून फुगतं आणि लाकूडच फाडतं. टोक परत भिंतीत बसवताना खाली दगडी चीप आणि तिन्ही बाजूंनी अर्ध्या इंचाची पोकळी ठेवायला सांगा. गवंडी ती पोकळी प्रेमाने भरून टाकतो. त्या वेळी तिथे उभं राहावं लागतं.

तुकड्यांसाठी जुना साग रे रोड-दारूखाना भागातल्या लाकडाच्या वखारींत मिळतो, पाडलेल्या घरांचा. बिजागऱ्या, कड्या, पितळी मुठी चोर बाजारात बघा, पण आपल्या घरातली एक नमुना म्हणून खिशात घेऊन जा, नाहीतर घरी येऊन काहीच जुळत नाही. वाळवीसाठी औषध टोचून घ्या. त्यापेक्षा जोत्याला टेकलेली मातीची कुंडी, जुनी रद्दी आणि जिन्याखालची फळकुटं आधी हलवा. पोटमाळ्यातल्या न दिसणाऱ्या लाकडाला काजूच्या टरफलांचं तेल लावतात, कोकणात त्याला डिंबेल म्हणतात. काम चोख करतं, पण अंगावर उडालं तर कातडी भाजते. हातमोज्यांशिवाय कुणाला हात लावू देऊ नका.

आता माझी चूक. कामाला लागून पाचच वर्षं झाली होती. माहीमच्या एका घराला तळाशी दोन फुटांपर्यंत ओल होती, गिलावा सुटत होता. मी सिमेंटचा गिलावा लिहून दिला, वर पाणी अडवणारा रंग. भिंत इतकी छान दिसली की मालकांनी पेढे वाटले. दोन पावसाळे गेले आणि ओल पाच फुटांवर आली. झालं असं की जमिनीतून विटेत चढणारं पाणी आधी चुन्याच्या गिलाव्यातून बाहेर पडून वाळत होतं. मी त्याची वाट बंद केली, म्हणून ते आणखी वर चढून वाट शोधू लागलं. सिमेंट खरवडलं तेव्हा मागची वीट बोटाने चुरत होती, आणि त्या पाण्याने माजघरावरच्या कडीपाटाच्या, म्हणजे लाकडी कड्या-फळ्यांच्या छताच्या, दोन कड्या टोकाला खाल्ल्या होत्या. दुरुस्ती पदरमोड करून केली. त्यानंतर कुठल्याही जुन्या भिंतीला सिमेंट लावायला मी परवानगी दिलेली नाही.

चुना असा का वागतो? चुनखडी भट्टीत ९०० अंशांच्या आसपास भाजली की तिच्यातला कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि कळीचा चुना उरतो. तो पाण्यात विरवायचा. भिंतीवर बसल्यावर हवेतला तोच वायू तो हळूहळू परत ओढून घेतो आणि पुन्हा दगड होतो. त्याला महिने लागतात, त्यामुळे घर थोडं हललं तरी गिलावा त्याच्याबरोबर हलतो आणि बारीक भेगा स्वतःच बुजवतो. मुंबई याच मालाची आहे. मध्य रेल्वेच्या बाजूला चुनाभट्टी नावाचं स्टेशन आहे ते उगीच नाही.

करायचं कसं? चुना विरवून निदान महिनाभर पाण्याखाली ठेवा, लोण्यासारखा झाला पाहिजे. विरवताना तो उकळतो आणि उडतो. डोळ्यांना चष्मा लावल्याशिवाय कुणाला जवळ जाऊ देऊ नका, मुलांना तर नाहीच. मी साधारण एक भाग चुना, एक भाग सुरखी (विटेची भुकटी), दोन भाग वाळू धरते. सुरखी चांगल्या भाजलेल्या विटेची, खाडीची वाळू अजिबात नको, तिच्यातलं मीठ पुढे भिंतीवर फुलतं. गूळ आणि बेलफळाचं पाणी घालायचं का, असं हल्ली सगळेच विचारतात. जुने गवंडी घालत, मीही थोडं घालते, पण त्यात जादू नाही. जादू गोणपाटात आहे. एक थर अर्ध्या इंचापेक्षा जाड नको आणि दोन-तीन आठवडे त्यावर ओलं गोणपाट. मार्चच्या उन्हात गिलावा दोन दिवसांत कोरडा पडला तर तुमचा गूळ काही कामाचा नाही. सगळ्या भिंतीवर हात घालण्याआधी मागच्या बाजूला तीन फूट बाय तीन फुटांचा नमुना करून महिनाभर ठेवा. वर शेवटी चुन्याचाच रंग, निळीच्या दोन थेंबांसकट. प्लास्टिक रंग म्हणजे सिमेंटचा पातळ भाऊ.

कारागीर मिळतात का? मिळतात, फोनवर मिळत नाहीत. भायखळ्याचं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय एकदा बघून या, १८७२ साली उघडलेलं. त्याच्या जीर्णोद्धाराला २००५ साली युनेस्कोचा पुरस्कार मिळाला. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत मुंबईत अशी जी कामं झाली, त्यांतून सुतार, रंगारी आणि चुन्याचे गवंडी तयार झाले आणि ते अजून याच शहरात, नाहीतर विरार-अंबरनाथला राहतात. ज्या जुन्या देवळाचं किंवा चर्चचं काम चालू दिसेल तिथे दुपारी डब्याच्या वेळी जा आणि मुकादमाशी बोला. मात्र संग्रहालयासारखा झळझळीतपणा घरात आणायला बघू नका. पैसे तेवढे नाहीत, आणि घराला त्याची गरजही नाही.

सुतार निवडताना त्याची पटाशी (लाकूड तासायची छिन्नी) बघा. धारेवर बोट ठेवायचं धाडस होत नसेल तर माणूस कामाचा. पगारापेक्षा पगाराची पद्धत महत्त्वाची. कौलं चढवणं ब्रासवर द्या, तिथे मोजता येतं. लाकडाची दुरुस्ती कधीही अंगावर, म्हणजे ठोक रकमेत, देऊ नका, रोजावर द्या. अंगावर दिलेल्या कामात नवीन लाकूड घालणं स्वस्त पडतं आणि जुनं वाचवणं महाग, मग सुतार बिचारा तुमची धड तुळईसुद्धा सडकी ठरवतो. चूक त्याची नसते, करार तसा असतो. आधी एकच खिडकी द्या. आठवडाभर त्याच्याजवळ बसा, प्रश्न विचारा. माझ्याकडे गुहागरकडचे एक सुतारकाका होते. कुठलाही सांधा उघडण्याआधी ते पेन्सिलीने दोन्ही लाकडांवर एकच खूण करायचे, म्हणजे परत बसवताना केसभर फरक पडला तरी दिसेल. हे त्यांनी मला शिकवलं तेव्हा मी पदवी घेऊन बसले होते आणि ते चौथी शिकलेले. त्यांच्या हाताखाली एक तरुण मुलगा राहील याचे पैसे मालकांकडून वेगळे घ्यायची सवय मी तिथून लावली. तुम्हीही बजेटमध्ये ती एक ओळ घाला, पुढच्या शाकारणीला तोच मुलगा येणार आहे. एकूण अंदाजाच्या वर पंचवीस टक्के बाजूला ठेवा. कौलं उतरल्यावर काय निघेल हे कुणीच सांगू शकत नाही.

वाडीशिवाय हे काम होणार नाही, आणि इथे बरेच जण गोत्यात येतात. तुमची गल्ली सहा फुटांची. ट्रक रात्री हमरस्त्यावर थांबणार, तिथून सगळं हातगाडीने आणि पाट्यांनी. कौलं ठेवणार कुठे? शेजाऱ्यांच्या ओट्यांवर. तुमच्या वळचणीचं पाणी पडतं कुठे? त्यांच्या अंगणात. म्हणून परांची उभी राहण्याआधी घरोघर जाऊन बोला, फक्त नोटीस चिकटवू नका. शेजाऱ्याबरोबर एक सामाईक पन्हळ निम्म्या खर्चात होत असेल तर आधी ती करा. वीस वर्षांची कुरबूर तिथे मिटते. आणि गणेशोत्सव मंडळाला विसरू नका. गिरगावात केशवजी नाईक चाळीत १८९३ पासून सार्वजनिक गणपती बसतो, मंडप बांधणं या भागाच्या हाडीमाशी आहे. उघड्या छपरावर बांबू आणि ताडपत्रीचं तात्पुरतं छत तुमचा मंडपवाला जितकं नेटकं करेल तितकं कुठलाही कंत्राटदार करणार नाही. अवकाळी पाऊस हल्ली डिसेंबरातही येतो.

एका वाडीत आम्ही कौलं रविवारी उतरवली. सुतार छपरावर, आणि खाली शिडीपासून चौकापर्यंत चाळीस माणसं रांगेत, हातोहात. सकाळी आठला सुरू केलं, दुपारी मिसळीच्या वेळेला अठराशे कौलं चौकात लागली होती, सतराच फुटली. शेजाऱ्यांपैकी कुणालाही छपरावर चढू दिलं नाही, हा नियम तुम्हीही पाळा, कितीही हौशी असले तरी. त्या दिवसानंतर धुळीची एकही तक्रार आली नाही.

राहिलेलं झटपट. विजेच्या तारा सगळ्या बदला, लाकडी घरात यात काटकसर नाही. वरच्या मजल्यावर कडीपाटावर नवीन न्हाणीघर काढू नका. मागच्या बाजूला स्वतंत्र पायावर काढा, घराला ते फक्त लागून असू द्या. तळमजल्याची जुनी नक्षीची फरशी उखडू नका, बहुतेक वेळा ती फक्त मेणाने आणि धुळीने काळी पडलेली असते. एखादी फुटली असेल तर साच्यातून तशी बनवणारे मुंबईत अजून आहेत.

आणि आत्या. त्यांना हलवू नका, निदान सगळ्या कामभर नको. घर दोन भागांत करा. आधी रस्त्याकडचे खण, तोवर आत्या मागे. मग त्या पुढे, तुम्ही मागे. फक्त त्यांच्या डोक्यावरची कौलं उतरतील ते आठ-दहा दिवस एखाद्या भाचीकडे. घरात म्हातारं माणूस राहत असलं की कारागीर सावकाश आणि सांभाळून काम करतात, हा माझा अनुभव आहे. शिवाय तुम्हाला हवी असलेली सगळ्यात महत्त्वाची माहिती कुठल्याच अभियंत्याकडे नाही, त्यांच्याकडे आहे. या रविवारी वही घेऊन त्यांच्यापाशी बसा. पावसाळ्यात बादल्या कुठे कुठे ठेवता, कुठली बादली कधीपासून, पूर्वी शाकारणीला कोण यायचं आणि जिन्याची तिसरी पायरी कोणत्या वर्षी बदलली, हे विचारा. त्या सांगतील तशा वहीत खोल्या काढून बादल्यांच्या जागी गोल करा, आणि अभियंता पहिल्यांदा घरी आला की आधी त्याच्या हातात ते पान द्या.